महाप्याच्या भिंतीची राखण

घणसोली गावात माझ्याएवढा देवाच्या जवळचा माणूस दुसरा नव्हता. आमची मोरी आणि गावदेवीचं देऊळ, दोघांत भिंत एकच होती, आणि मी आंघोळीला बसलो की पाणी तिकडं झिरपायचं म्हणून पुजारी रोज सकाळी माझ्या नावानं शिव्या घालायचा, त्या पण मंत्राच्या चालीत. शिक्षण म्हणाल तर चौथी. पाचवीत मास्तर बोलला, हरी, तू वर्गाच्या बाहेरच बस, बाहेर बसलास की हुशार वाटतोस. तेव्हापासून मी बाहेरच आहे. आता हे तुमी वाचताय ते पण मी लिहिलेलं नाय. मी फोनमधे बोलतो, फोन लिहून घेतो, आणि सून मागनं काना-मात्रा नीट करते. करता करता मधेच थांबून माझ्याकडं बघते. तिला वाटतं सासरा थापा मारतोय. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात कोणी तिला हे सांगितलं नाय, कारण यात माझी काय शोभा नाय.

आमचं घर गावठाणातलं. खाली आमी, वर भाड्याच्या खोल्या, त्यात महाप्याच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरं. पहाटे पाण्याची मोटर सुरू झाली की भिंती थरथरायच्या, मग देवळातली घंटा, मग वरच्या पोरांचे पाच मोबाईलचे पाच गजर, आणि या सगळ्यावर आयेचा आवाज. आय तांदळाची भाकरी थापायची ती पार शेजारच्या गल्लीत ऐकू जायची. बाबा मी लहान असतानाच गेला. घरातला कर्ता माणूस म्हणजे काका, बाबाचा मोठा भाऊ, आमच्या बाजूच्याच खोलीत राहायचा. काका भगत होता. भगत म्हणजे काय ते आता टॉवरवाल्यांना सांगावं लागतं. पोर रडायचं थांबत नाय, म्हैस दूध चोरते, नवऱ्याचं घरात लक्ष नाय, असं काय झालं की बाया काकापुढं मूठभर तांदूळ ठेवायच्या. काका दाणे सारून बघायचा आणि सांगायचा. कधी कधी म्हणायचा, दाणे काय बोलत नाय, डॉक्टरकडं ने. काका खोटं बोलायचा नाय, हा त्याचा मोठा दुर्गुण होता. घरात तो एक आणि मी एक, असा हिशेब बरोबर जमायचा.

या काकाला बघायला एक मॅडम यायला लागली. वैशाली तिचं नाव. विद्यापीठातनं आलेली. माणसं देव कसा मानतात, अंगात येतं म्हणजे काय होतं, गुपचूप चालणाऱ्या विद्या कोण कोणाला देतं, याचा ती अभ्यास करायची. मी बोललो, याचा पण अभ्यास असतो? मग मी जन्मभर देवळाला पाठ लावून आंघोळ करतोय, मला डिग्री कुठाय? तिचा बाप साताऱ्याकडचा, मार्केटात माथाडी, पाठीवर गोणी वाहून पोरीला शिकवलेलं. त्यामुळं ती आमच्या ओट्यावर मांडी घालून बसायची आणि सुकटीच्या कालवणाला नाक मुरडायची नाय. उलट आयेकडं अजून एक भाकरी मागायची. मी तिच्या मागं मागं. तिला गावात कोण काय सांगणार, मी आहे ना. मी सांगितलं, देवीला बुधवारी वडापाव चालतो. वेशीवरच्या भुताला फक्त आगरी कळतं, हिंदीत बोललं की ते घाबरून झाडावर चढतं. ती मान डोलवून सगळं ऐकायची. एक दिवस मी विचारलं, मॅडम, माझ्यामुळं तुमचं पुस्तक जाडं होणार ना? ती बोलली, “हरी, तू सांगतोस ते मी बाजूला ठेवते. काकांसमोर तू काय काय बोलत नाहीस, ते मी लक्ष देऊन बघते.” मला कळलं नाय म्हणून मी मोठ्यानं हसलो. कळलं नाय की मी मोठ्यानं हसायचो. अजून हसतो.

मी तिला एकदा विचारलं पण, तुमचा देवावर विश्वास आहे का नाय ते एकदा क्लियर करा. ती म्हणाली, देव आहे की नाही हे माझ्या कामात येत नाही. देव आला की कोण उठून उभं राहतं, कोण खाली बसतं आणि कोणाचं तोंड बंद होतं, तेवढं मी बघते. मला वाटलं, एवढं बघायला विद्यापीठ कशाला, आमच्या घरी जेवायला ये, आय आली की हेच होतं.

त्या वर्षी गुलाबताय परत आली. ताय माझ्याहून मोठी, उरणकडं मोऱ्याला दिलेली. सासऱ्याचा मासेमारीच्या मचव्यात भाग होता, दाजी त्याच मचव्यावर जायचा. दुपारची रिक्षा दारात थांबली आणि ताय उतरली, हातात एक प्लास्टिकची पिशवी. आयेनं काय विचारलं नाय. मी विचारलं, पापलेट आणलंस का? हे माझं पहिलं वाक्य. ताय आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. दोन दिवस तशीच. तिसऱ्या दिवशी आय मसाल्याच्या मिरच्या तव्यावर भाजायला बसली. पहिला धूर उठला आणि ताय आतल्या खोलीतनं जी सुटली ती अनवाणी पार देवळाच्या पायरीवर जाऊन बसली, दोन्ही हात तोंडावर. आय तवा तसाच टाकून मागनं गेली. तेव्हा तिनं तायच्या पोलक्याच्या बाह्या वर केल्या.

गोष्ट अशी होती. ताय सासरी गेली आणि वर्षभरात मचव्याचं इंजिन दोनदा भर समुद्रात बंद पडलं. मासळी पण कमी. मग कोणीतरी बोललं पायगुण, आणि तिकडच्या भगतानं सांगितलं की हिच्यावर माहेरचं काय तरी बाहेरचं आहे, ते झाडलं पाहिजे. दर अमावास्येला दार लावून मिरच्यांची धुरी द्यायचे आणि कडुलिंबाच्या फोकानं झाडायचे. ते तिला मारत नव्हते, असं ते म्हणायचे. तिच्या अंगातल्याला मारत होते. ते समजा तिथं असतं, तर त्याला काय लागलं असतं ते माहीत नाय. वळ तायच्या अंगावर होते.

त्या दिवसापासून आमच्या घरात मिरची बंद. कालवणाला चव नाय, आय गप्प, मोटर बंद झाली की घर एवढं शांत व्हायचं की वरच्या पोरांचं घोरणं ऐकू यायचं. मी चार दिवस कळ काढली आणि पाचव्या दिवशी जेवताना बोललो, हे काय कालवण आहे का गरम पाणी? आयेनं माझ्या ताटातली भाकरी उचलली आणि दारातल्या कुत्र्याला घातली. कुत्र्यानं काय तक्रार केली नाय.

मॅडमनं तायचे हात बघितले आणि तिचा चेहरा बदलला. ती म्हणाली, मी येते बरोबर, आत्ता पोलिसात जाऊ. याला कायदा आहे. ताय पहिल्यांदा तिच्याशी नीट बोलली. म्हणाली, “पोलिस चार दिस येतील मॅडम. ही मानसा जन्मभर येतील.” त्या दिवशी मॅडमनं रेकॉर्डर पिशवीतनं काढलाच नाय.

सासरकडनं निरोप आला. तिकडच्या भगतानं दोष माहेरचा सांगितलाय, तर माहेरच्या राखणदारानं येत्या राखणीला काय ते बोलावं. तो बोलला नाय, म्हणजे त्यानं पोरगी सोडली. मग आमी तिला त्याच संध्याकाळी घेऊन जाणार आणि पुरतं झाडणार. काका हो म्हणाला. आय काकाच्या दारात जाऊन बसली, म्हणाली, हो कसं बोललात? काका बोलला, नाय बोललो तर ते म्हणतील देवाला भितात.

हा राखणदार म्हणजे कोण ते सांगतो. आमची भातशेती महाप्याला होती. ती गेली, तिथं काचेच्या बिल्डिंगा आल्या. जमीन गेली पण बांध राखणारा जातो कुठं? तो जागेवरच. आमचा बांध होता तिथनंच एका कंपनीची कंपाउंडची भिंत गेलीय, अगदी बांधाच्या वळणानं. म्हणून आमची भावकी वर्षातनं एकदा टेम्पो करून जाते, फुटपाथवर विटांची चूल मांडते, भिंतीला शेंदूर लावते, कोंबडा आणि नारळ देते. याला राखण म्हणायचं. ते जेवण घरी आणायचं नाय, तिथंच शिजवायचं आणि तिथंच संपवायचं. कंपनी दर वर्षी भिंत रंगवते, आमी दर वर्षी शेंदूर लावतो. दोघांचं एकमेकांवाचून काय अडत नाय.

घरातला मोठा तंटा असला तर तो त्याच दिवशी, त्याच भिंतीपुढं विचारायचा. काकाच्या अंगात राखणदार यायचा. मग तळहातावर पेटता कापूर ठेवायचा. हात हलला नाय तर खरा. तो बोलेल तो कौल. कोणाला कौल खोटा वाटला तर त्यानं खुशाल उठून तसं बोलावं, पण बोलायच्या आधी तोच पेटता कापूर आपल्या हातावर घ्यावा. आणि कौल मानला तर फोडलेल्या नारळाचं अर्धं भकल हातात घ्यायचं. भकल घेतलं की विषय संपला, परत काढायचा नाय. हे नियम मला लहानपणापासून पाठ. ऐन टायमाला कसे विसरलो, ते सांगतोच.

राखणीच्या दिवशी दुपारचं ऊन असं की शेंदूर भिंतीवरनं ओघळत होता. सिक्युरिटीवाला दर वर्षीचाच, त्यानं आपली खुर्ची लांब नेऊन ठेवली. कंपनीची पोरं गळ्यात कार्ड अडकवून चहा पीत आमच्याकडं बघत होती. मोऱ्याची माणसं जीप करून आली. सासरा पुढं, दोन चुलते, आणि मागं दाजी, मान खाली. सासू जीपमधनं उतरलीच नाय. तिच्या मांडीवर एक टोपली होती आणि टोपलीवर फडकं. फडक्याच्या कडेनं लिंबाचा पाला दिसत होता. ताय चुलीजवळ कांदा कापत होती. तिनं तो पाला बघितला आणि परत कांदा कापायला लागली. हात जरा पण थांबला नाय. मॅडम तिच्या बाजूला बसली आणि हळूच मला म्हणाली, हे तिला न्यायला उठले तर मी मधे उभी राहणार, अभ्यास गेला खड्ड्यात.

मी ढोलकी वाजवत होतो. काका भिंतीपुढं डोळे मिटून बसला. एरवी ढोलकी तापली की काकाचे खांदे हलायचे, मग मान, मग तो हूं करायचा आणि आमच्या सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा. त्या दिवशी काय नाय. मी चाल वाढवली. काय नाय. ऊदाचा धूर सरळ वर चाललाय, काका दगडासारखा. कपाळावरचा घाम तेवढा हलत होता. मी मनात बोललो, काका, एकदा, फक्त एकदा खोटं हल. तो हलला नाय. शेवटी त्यानं डोळे उघडले, आयेकडं बघितलं आणि मान हलवली. आला नाय.

सासरा उठला. धोतर झटकलं. म्हणाला, “राखनदारानं तोंड फिरवला. चला, गुलाब, उठ. जीपीत बस.” ताय उठली नाय. एक चुलता पुढं आला आणि त्यानं तिच्या दंडाला हात घातला. मॅडम उभी राहिली. आयेच्या हातातला पळा खाली पडला.

आणि मी हललो. का, ते मला आजपण सांगता येत नाय. ढोलकी हातातनं सुटली ती माझ्या चुलतभावाच्या पायावर पडली आणि थोडा वेळ त्याच्या पण अंगात आलं. मी उड्या मारल्या, मान फिरवली, हूं हूं केलं, काकाचं सगळं केलं आणि वर स्वतःचं पण थोडं घातलं. चुलत्यानं तायचा हात सोडला. सगळे मागं सरकले. आयेनं पदर डोक्यावर घेतला. कंपनीच्या पोरांचे चहाचे कप तोंडाशी थांबले. सिक्युरिटीवाल्यानं टोपी काढली. मी मनात खूश. बोललो, वा रे हऱ्या, जमलं. तेवढ्यात काका माझ्यासमोर आला, आणि त्याच्या हातात कापराची वडी पेटलेली.

कापूर मी साफ विसरलो होतो.

मागं पळावं तर भिंत. काकानं माझा उजवा हात धरला, तळवा उघडला आणि वडी ठेवली. पहिल्यांदा काय वाटत नाय, नुसता उजेड. मग जे वाटलं त्याला शब्द नाय, आणि फोन ते लिहून घेणार नाय. मी हात हलवणार होतो. खरं सांगतो, हललाच होता. काकानं आपल्या दोन्ही हातांत माझी मूठ धरली, आतल्या कापरासकट मिटली आणि दाबून ठेवली, म्हणजे हललेलं कोणाला दिसलं नाय. माझ्या डोळ्यांतनं पाणी. काका सगळ्यांकडं तोंड करून शांतपणे बोलला, “इचारा.” त्या मुठीत बोटांची पेरं भाजली ती भाजलीच. आजपण रेशनच्या मशीनवर माझा अंगठा लागत नाय. दुकानदार म्हणतो, तुमी आहात का नाय तेच मशीनला कळत नाय. मी म्हणतो, मशीनची चूक नाय.

सासरा हात जोडून पुढं आला. आवाज नरम, डोळे नाय. “राखनदारा, ही आमची सून. हिच्यावर काय हाय का नाय ता सांग. आमी हिला नेऊ का नको?”

आता मला सांगा, मी काय बोलू? हाय बोललो, तर ते म्हणणार, बघा, देवानं पण सांगितलं, चला झाडायला. नाय बोललो, तर म्हणणार, मग चांगलंच झालं, साफ आहे, चला घरी. नेऊ नका बोललो, तर विचारणार का, आणि का ते सांगायला देव पाहिजे, माझ्याकडं फक्त भाजलेला हात होता. दोन्हीकडनं ताय जीपमधेच बसत होती. मी टाइमपास म्हणून अजून एक उडी मारली. हूं केलं. पाणी मागितलं. नारळ मागितला. देवाला इतकी भूक लागलेली आमच्या भावकीनं कधी बघितली नव्हती. डोळे किलकिले करून तायकडं बघितलं, म्हटलं काय खूण करेल. ती माझ्याकडं बघत पण नव्हती. ती जीपकडं बघत होती. आणि मला कळलं की एवढे दिवस ती आमच्या घरात राहिली, पण तिला काय पाहिजे ते मी विचारलंच नाय. मी पापलेट विचारलं होतं.

तोंडातनं निघालं, “माज्याकडं काय बगताव? ती समोर बसलीय, तिला इचारा.”

 असा कौल कोणी ऐकला नव्हता. कौल म्हणजे देवानं पोरीबद्दल सांगायचं, पोरीला कोण विचारतं? सासऱ्यानं काकाकडं बघितलं. काका म्हणाला, सांगितलाय त्यानं, इचार. मग सासऱ्यानं, आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक, सुनेला प्रश्न विचारला. विचारला म्हणजे नुसतं, बोल, एवढंच म्हणाला.

ताय उभी राहिली. हाताला कांद्याचं पाणी. आवाज चढला नाय, कापला नाय. “माज्यावर काय नाय. तुमचा इंजन जुना हाय, ता बदला. मी येनार नाय. माजी शिलाई मशीन तेवढी पाठवून द्या.”

काकानं नारळ भिंतीवर फोडला आणि एक भकल सासऱ्यापुढं धरलं. दुसऱ्या हातात कापराची वाटी होती, त्यात अजून वड्या शिल्लक होत्या. ती वाटी पण त्यानं पुढंच धरली. सासऱ्याची नजर भकलावरनं वाटीवर, वाटीवरनं माझ्या मुठीवर. मुठीतनं वास येत होता आणि तो चांगला नव्हता. चुलत्यांकडं बघितलं तर चुलते रस्त्यावरच्या बसचे नंबर वाचायला लागले. तो भकल घेईना आणि काका हात मागं घेईना. ते किती वेळ चाललं मला माहीत नाय, माझ्या हाताच्या हिशेबानं सबंध उन्हाळा गेला.

मग मागनं दाजी पुढं आला. एवढ्या वेळात त्याचं तोंड मी नीट बघितलंच नव्हतं. त्यानं बापाच्या खांद्यावरनं हात घातला आणि भकल घेतलं. तायकडं न बघता म्हणाला, मशीन परवा टेम्पोत घालून देतो. आणि जाऊन जीपमधे आईच्या बाजूला बसला. सासरा अजून थोडा वेळ उभा राहिला, पण आता उभं राहण्यात काय उरलं नव्हतं. जीप गेली. जाताना सासूनं टोपलीतला पाला फुटपाथवर टाकला, आणि कंपनीच्या झाडूवाल्या बाईनं तो लगेच झाडून नेला.

आय तेव्हा रडली. चुलीजवळ बसून, कोंबडा ढवळत, आवाज न करता. ताय तिच्या पाठीवरनं हात फिरवत होती.

भांडी खाली उतरली तेव्हा मॅडमनं काकाला विचारलं, तुम्हाला कळलं नव्हतं का, की याच्या अंगात काही आलं नव्हतं? काका म्हणाला, पयल्या उडीलाच समाजला. मोऱ्यावाल्यांनाबी समाजला. पन तसा बोलाला त्यांना हात पुढं कराय लागला असता. मॅडम म्हणाली, मग तुम्हीच का नाही केलं? तायसाठी?  काका म्हणाला, माज्या तोंडातनं खोटा निघाला असता तर उद्या कोनाचा कौल कोन मानील? या हऱ्याचा बरा हाय. याच्याकडनं कोनाची काय अपेक्षाच नाय. मॅडमनं मान हलवली. मी बघितलं, हे तिनं बाजूला ठेवलं नाय.

मी मात्र फुगलेलो. हाताला हळद लावून, फडकं बांधून, भिंतीला टेकून बसलो होतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या भावकीला सांगत होतो की मला आतनं हुकूम आला, तिला विचारा. पान वाढलं तर माझ्या पानात नुसता भात. काका म्हणाला, ज्याच्या अंगात आला त्यानं त्या राखणीचा कोंबडा खायचा नाय. हा नियम मी पहिल्यांदाच ऐकला. अजूनपर्यंत मला वाटतं काकानं तो तिथल्या तिथं बनवला, म्हणजे तो आयुष्यात एकदाच खोटं बोलला आणि ते माझ्या तंगडीवरनं. मी तायला हाक मारली. बोललो, ताय, तुझ्यासाठी आज मी देव झालो, हात भाजून घेतला, एक तंगडी तरी घाल.

ताय खरकटी भांडी गोळा करत होती. तिनं मोठा काळा टोप उचलून माझ्यापुढं आदळला.

“देव व्हायला काय अक्कल लागत नाय, ता आज सगल्यांनी बघितला,” ती म्हणाली. “डावा हात हाय ना चांगला? उठ, टोप घास.”